साखळी आणि शिक्षा : भुसावळच्या रेल्वे व्यवस्थापकांस खुले पत्र

मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
मध्य रेल्वे, भुसावळ विभाग, यांस



इगतपुरीपासून बडनेऱ्यापर्यंतच्या ज्या लोहमार्गावर आपला अंमल चालतो, त्याच्या पूर्वेकडील टोकाला, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या मुलुखात राहणारे आम्ही लोक रेल्वेला पत्र लिहितो तेव्हा त्यात बहुधा एखादी नवी गाडी, एखादा बंद झालेला थांबा किंवा एखादा अपुरा फलाट यांविषयी गाऱ्हाणे असते. प्रस्तुत पत्रात तशी नवी मागणी जवळजवळ नाही. जी वस्तू प्रत्येक डब्यात पूर्वीपासूनच आहे, जिचा रंग तांबडा असल्याने ती आंधळ्याखेरीज सर्वांच्या दृष्टीस पडते, आणि तरीही जिचा अर्थ व उपयोग आपल्या खात्याने प्रवाशांस कधी धडपणे समजावून सांगितला नाही, त्या धोक्याच्या साखळीसंबंधी मला चार शब्द लिहावयाचे आहेत. नव्या धाटणीच्या डब्यांतून खरी साखळी केव्हाच गेली आणि तिच्या जागी तांबडी मूठ आली. परंतु लोक तिला साखळीच म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणेन.

या साखळीजवळ जी पाटी असते तिच्यात दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात : गाडी थांबवावयाची असल्यास साखळी ओढा, आणि वाजवी व पुरेशा कारणावाचून ओढाल तर हजार रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, अथवा दोन्ही. हा मजकूर 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 141 व्या कलमातून आलेला आहे. पहिल्या गुन्ह्यास निदान पाचशे रुपये दंड आणि दुसऱ्या वा पुढील गुन्ह्यास निदान तीन महिने कैद, यापेक्षा कमी शिक्षा द्यावयाची तर न्यायाधीशाने निकालपत्रात सबळ सबब नमूद केली पाहिजे, इतकी ताकीद त्या कलमात आहे. कायदा करणाऱ्यांनी हे हलक्या हाताने लिहिलेले नाही, हे उघड आहे. परंतु त्याच कायद्यात 59 वे कलम आहे, आणि ते एकाही डब्यात लावलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. त्या कलमान्वये प्रवासी वाहणाऱ्या प्रत्येक गाडीत प्रवासी आणि गाडीचा प्रभारी सेवक यांच्यात संपर्काचे कार्यक्षम साधन पुरविणे व ते सुस्थितीत राखणे हे रेल्वे प्रशासनाचे कर्तव्य ठरते. म्हणजे साखळी ही प्रवाशाला अडकविण्यासाठी टांगलेली वस्तू नसून प्रशासनावर कायद्याने लादलेले ऋण आहे. प्रवाशाला आपल्या हक्काची वार्ता मात्र दंडाच्या तोंडूनच कळावी, ही व्यवस्था मला अपुरी वाटते. ती धोक्याचीही आहे, हे पुढे येईल.

या ऋणाचा इतिहास रक्ताचा आहे. 1864 साली लंडनच्या नॉर्थ लंडन रेल्वेवर पहिल्या वर्गाच्या बंद डब्यात थॉमस ब्रिग्ज नावाच्या वृद्ध बँक कर्मचाऱ्याचा खून झाला. त्या काळी डब्याडब्यांस जोडणारी वाट नव्हती. दोन स्थानकांच्या दरम्यान प्रवासी आपल्या कोठडीत सहप्रवाशाच्या मर्जीवर असे, आणि ओरडला तरी चाकांच्या खडखडाटात ते कोणाच्या कानी जात नसे. लोकांत फार खळबळ माजली, आणि चार वर्षांनी, 1868 मध्ये, वीस मैलांहून अधिक अंतर न थांबता धावणाऱ्या गाडीत प्रवाशांना गाडीवरील सेवकांपर्यंत पोहोचण्याचे साधन असलेच पाहिजे, असा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला. आमच्या वऱ्हाडातून ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीचे रूळ नागपुरास पोहोचले तो काळ हाच, 1867 चा. म्हणजे भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही नावे लोहमार्गाच्या नकाशावर उमटत होती तेव्हाच तिकडे विलायतेत साखळीच्या आधीची ही इशाऱ्याची दोरी कायद्यात शिरत होती. पुढे 1890 च्या भारतीय रेल्वे कायद्यात तिच्या गैरवापरास पन्नास रुपयांपर्यंत दंड ठरला. ज्यांनी वाफेच्या इंजिनामागे प्रवास केला असेल त्या वृद्धांना ते पन्नास रुपये अजून स्मरत असतील. लहान मुले साखळीकडे बोट दाखवीत त्या रकमेचा उच्चार मोठ्या आदराने करीत.

आरंभी त्या दोरीने नुसता इशारा दिला जाई. गाडी थांबविण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. ते आले ब्रेकच्या एका विलक्षण कल्पनेमुळे, आणि ती कल्पना थोडक्यात सांगितल्यावाचून साखळीचा अर्थ उमगणार नाही. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने 1869 मध्ये हवेच्या दाबाने चालणारा ब्रेक काढला. परंतु त्यात नळी फुटली की ब्रेकच नाहीसा होई. तीन वर्षांनी त्याने ती रचना उलटी केली. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत जाणारी नळी दाबाखालील हवेने भरलेली असेल तोवरच चाके मोकळी राहावीत, आणि ती हवा कोणत्याही कारणाने, चालकाच्या इच्छेने, अपघाताने किंवा डबे तुटल्याने, बाहेर पडली की प्रत्येक डब्याच्या टाकीतील साठ्याने चाके आपोआप जखडली जावीत, अशी ही योजना होती. अशा स्वयंचलित ब्रेकचे मोल ब्रिटनला फार महागात कळले. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ रविवारच्या शाळेच्या मुलांना सहलीस नेणारी गाडी चढावर अडकली. तिचे डबे दोन भागांत सोडविताच मागच्या भागाचा ब्रेक निकामी झाला, कारण तो स्वयंचलित नव्हता. ते डबे उतारावरून मागे घरंगळत जाऊन पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले आणि सुमारे ऐंशी माणसे मेली, त्यात मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे झाले. आज आपल्या एस.टी.च्या हवेच्या ब्रेकच्या गाड्यांतही हेच तत्त्व नांदते : टाकीतील दाब अगदी उतरला तर मागची चाके स्प्रिंगच्या जोराने धरली जातात, आणि चिखलदऱ्याच्या घाटात उभी केलेली बस मागे सरकत नाही ती त्या स्प्रिंगच्याच भरवशावर.

आपल्या गाड्यांच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोग्रॅम दाबाची हवा असते. प्रवासी साखळी ओढतो तेव्हा तो त्या नळीचे एक लहानसे तोंड उघडतो, यापलीकडे काही करीत नाही. तोंड अरुंद असल्याने दाब हळूहळू घसरतो, चालकाला आपल्यासमोरच्या मापकावर ते दिसते, आणि मग तो गाडी थांबवितो. चित्रपटात साखळी ओढताच सारे प्रवासी एकमेकांच्या अंगावर कोसळतात, ते खोटे आहे. ताशी शंभरावर किलोमीटर वेगाने चाललेली वीस-बावीस डब्यांची गाडी पूर्ण जोराचा ब्रेक लावला तरी किलोमीटरच्या आसपास अंतर खाते. म्हणून कुरूमच्या शिवारात ओढलेली साखळी गाडीला ओढणाऱ्याच्या इच्छित बांधापाशी उभी करील, हा समजही व्यर्थ आहे. शिवाय ते तोंड आपोआप मिटत नाही. कोणी तरी रेल्वेसेवकाने, गार्डाने (ज्यांना सरकारने 2022 पासून ट्रेन मॅनेजर हे भारदस्त नाव दिले आहे) किंवा सहायक चालकाने, खाली उतरून तो डबा शोधून ती झडप पूर्ववत करावी लागते. तोवर नळी भरत नाही आणि चाके सुटत नाहीत. मे 2022 मध्ये टिटवाळा आणि खडवली यांच्या दरम्यान काळू नदीच्या पुलावर कोणी गोदान एक्स्प्रेसची साखळी ओढली, तेव्हा पुलावर चालण्यास जागा नसल्याने सहायक चालक सतीशकुमार यांना डब्याखालून सरपटत जाऊन ती झडप बंद करावी लागली. ज्याने साखळी ओढली त्याला ते दृश्य दिसले असते तर कायद्याच्या कलमाची आवश्यकता उरली नसती, असे मी म्हणणार नाही, कारण मनुष्यस्वभावावर माझा तितका विश्वास नाही.

परंतु ज्या घटनेमुळे हे पत्र लिहावे लागले ती याहून दारुण आहे आणि आपल्याच विभागातील आहे. 22 जानेवारी 2025 रोजी सायंकाळच्या सुमारास लखनौहून मुंबईस जाणारी पुष्पक एक्स्प्रेस जळगाव जिल्ह्याच्या पाचोरा तालुक्यात माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान आली असता एका सर्वसाधारण डब्यात आग लागल्याची हूल उठली, साखळी ओढली गेली, गाडी थांबली, आणि भयभीत माणसे मिळेल त्या दाराने खाली उतरली. शेजारच्या रुळावरून बंगळुरूहून दिल्लीकडे निघालेली कर्नाटक एक्स्प्रेस भरवेगाने येत होती. पुष्पकच्या चालकाने धोक्याचा लुकलुकणारा दिवा लावला होता, समोरच्या चालकाने ब्रेकही लावला होता. परंतु तेथे मार्गास वळण असल्याने दृष्टी पुरेशी पोहोचली नाही, आणि किमान 12 प्रवासी त्या गाडीखाली सापडून मरण पावले. पुष्पक एक्स्प्रेसला आग लागलेली नव्हती.

त्या दिवसानंतर अफवेविषयी पुष्कळ लिहिले गेले. अफवा कोणी पसरविली, कशी पसरली, याची छाननी व्हावयास हवीच होती. पण ती छाननी वाचताना मला वारंवार असे वाटले की आपण सारे चुकीच्या ठिकाणी बोट ठेवीत आहोत. डब्यात धूर दिसला किंवा दिसल्यासारखा वाटला आणि भेदरलेल्या माणसाने साखळी ओढली, यात त्याचा काय अपराध? आगीची शंका हे पुरेसे कारण नसेल तर मग कोणते आहे? ज्या क्षणी गाडी थांबली त्या क्षणी साखळीने आपले काम चोख केले होते. मरण आले ते त्यानंतरच्या दोन-चार मिनिटांत. आणि त्या मिनिटांविषयी डब्यातील पाटी मूक होती, तिकीट मूक होते, आणि ज्यांनी आयुष्यभर त्या गाड्यांतून रोजगारासाठी ये-जा केली त्यांना कोणी, कधी, कोणत्याही भाषेत सांगितले नव्हते की थांबलेल्या गाडीतून उतरावेच लागले तर शेजारच्या रुळाच्या बाजूने उतरू नये, उतरल्यावर रुळांवर उभे राहू नये, आणि दुहेरी मार्गावर आपली गाडी थांबली म्हणून दुसरीही थांबली असे मानू नये. दंडाची रक्कम मात्र प्रत्येकाला पाठ होती. दंडाच्या भयाने जो माणूस साखळी ओढावी की नाही याचाच विचार करीत बसतो, त्याच्या मनात ओढल्यानंतरचा विचार येण्यास अवकाशच राहत नाही.

आता आमच्या बाजूची कैफियत. वऱ्हाडात साखळी निष्कारण ओढली जाते, हे मी नाकारीत नाही. अकोल्याहून सुटलेली जलद गाडी आपल्या गावापाशी थांबणार नाही हे ठाऊक असूनही तीत बसावे आणि स्थानक जवळ येताच “वढ बे साखयी” असा हुकूम सुटावा, हा प्रकार ज्याने पाहिला नाही असा नित्याचा प्रवासी या मार्गावर विरळा. बडनेऱ्यास एखादा नातलग फलाटावर चहा घेत राहिला म्हणून सबंध गाडी अडविणारेही आहेत. त्यांच्याविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही. हा मार्ग मुंबई-हावडा असा देशाच्या दोन टोकांना जोडणारा आहे. एक गाडी दहा मिनिटे उभी राहिली तर तिच्या मागच्या गाड्या खोळंबतात, पारसच्या वीज केंद्राकडे निघालेले कोळशाचे डबेही खोळंबतात, आणि ज्या गाडीत कोणी खरोखरच रुग्ण नागपूरच्या वा मुंबईच्या इस्पितळाकडे निघाला असेल ती गाडीही खोळंबते. याहूनही गंभीर गोष्ट अशी की 59 व्या कलमातच एक तरतूद आहे : एखाद्या गाडीतील या साधनाचा गैरवापर होत असल्याची प्रशासनाची खात्री पटली तर ते साधन त्या गाडीत काही मुदतीपुरते तोडून टाकण्याचा अधिकार प्रशासनास आहे. म्हणजे घराजवळ उतरण्याच्या हौसेने जो साखळी ओढतो तो उद्याच्या आगीत अडकलेल्या बाईच्या हातातील साखळी काढून घेण्याचा मार्ग मोकळा करीत असतो. माझ्या वऱ्हाडी बांधवांनी ही तरतूद अवश्य वाचावी.

तथापि, साखळी ओढणारे सगळे एकाच माळेचे मणी नव्हेत. अकोल्याच्या किंवा शेगावच्या फलाटावर गाडी दोन-तीन मिनिटे थांबते. तेवढ्यात गुडघ्यांनी अधू झालेली आजी, दोन पोरे आणि भाकरीचे गाठोडे घेतलेली तिची सून, गजानन महाराजांच्या दर्शनाहून परतणारे दहा-बारा जणांचे कुटुंब, यांना चढावयाचे असते. डबा कोठे येणार याची खात्री नसते. अर्धे लोक आत आणि अर्धे खाली असताना गाडी हलते, आणि आतला मुलगा साखळी ओढतो. त्या मुलाला आपल्या सुरक्षा दलाचे जवान उतरवून घेतात आणि त्याच्या नावे 141 चा कागद तयार होतो. माझ्या मते त्याचे कारण वाजवीही होते आणि पुरेसेही होते. चालत्या गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या वृद्धेचा जीव हजार रुपयांहून स्वस्त नाही. रेल्वेच्या कित्येक पत्रकांत अशा प्रसंगाचा पुरेशा कारणांत उल्लेख असतो, हेही मला ठाऊक आहे. पण ती पत्रके प्रवाशाच्या हाती पडत नाहीत, आणि कायद्याने ‘वाजवी व पुरेसे कारण’ एवढेच शब्द लिहून त्यांचा तपशील खुला ठेवलेला असल्याने प्रत्यक्ष निर्णय जागेवरच्या शिपायाच्या समजुतीवर राहतो. करोनाच्या काळात लहान स्थानकांवरील जे थांबे बंद झाले त्यांचा हिशेबही या प्रकरणाशी जोडलेला आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही, कारण त्या विषयावरील अर्जांची बाडे आपल्या दफ्तरात असतीलच.

जाता जाता एका जुन्या गाडीची आठवण काढतो. मूर्तिजापुराहून एका बाजूस यवतमाळपर्यंत 113 किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूस अचलपूरपर्यंत 76 किलोमीटर धावणाऱ्या आमच्या शकुंतलेला 1994 पर्यंत वाफेचे इंजिन होते, आणि तिचा वेग असा की उतरावयाचे तर साखळीची गरज क्वचितच पडावी. कापसाच्या गाठी वाहण्यासाठी जन्मलेली ती अरुंद मार्गावरची गाडी थांबविण्यास कोणास कायद्याचे कलम आठवावे लागत नसे. गार्डाला हाक मारली तरी पुरे. त्या संथपणाचा मोह मला आहे, पण तो मी आपल्यावर लादणार नाही. जलद गाडीत हाक पोहोचत नाही, आणि म्हणूनच साखळी आहे. एस.टी.त प्रवाशाने कंडक्टरला सांगावे आणि कंडक्टरने घंटीची दोरी ओढावी, अशी मध्यस्थी असते. रेल्वेच्या सर्वसाधारण डब्यात मध्यस्थ कोणी नाही, निर्णय पूर्णपणे एकट्या, बहुधा घाबरलेल्या, माणसाचा असतो. अलीकडे नागपूरच्या अजनीहून पुण्यास जाणारी वंदे भारत बडनेरा-अकोल्यावरून धावू लागली आहे. तिच्या डब्यांत संकटकाळी चालकाशी प्रत्यक्ष बोलता येईल अशी यंत्रे बसविलेली आहेत. ज्याने अधिक भाडे दिले त्याला चालकाशी बोलता यावे आणि सर्वसाधारण डब्यातल्याने मुकाट्याने नळीचे तोंड उघडावे, हा भेद फार काळ टिकू नये असे मला वाटते. परंतु ते खर्चाचे काम आहे आणि आपल्या एकट्याच्या अखत्यारीतले नाही, हेही मी समजतो.

आपल्या अखत्यारीत जे आहे ते इतके स्वस्त आहे की ते अद्याप का झाले नाही याचे आश्चर्य वाटते. साखळीजवळच्या पाटीखाली दुसरी पाटी लावावी, ती मराठीत व हिंदीत असावी, आणि तिच्यात दंडाचा पुनरुच्चार न करता साध्या शब्दांत सांगावे की आग, गाडीतून कोणी पडणे, प्राणावर बेतलेले आजारपण, दरोडा, किंवा लहान मूल, वृद्ध वा अपंग व्यक्ती खाली राहून गेलेली असणे, अशा प्रसंगी साखळी ओढण्यास कचरू नका. ओढल्यावर जागेवर राहा आणि येणाऱ्या रेल्वेसेवकास कारण सांगा. इतर गोष्टींसाठी 139 या क्रमांकावर दूरध्वनी करा. आगीमुळे डबा सोडावा लागला तर आधी शेजारच्या डब्यात जा. खाली उतरणे अटळच असेल तर दुसऱ्या रुळाच्या उलट बाजूस उतरा आणि रुळांपासून दूर व्हा. अकोला, शेगाव, मूर्तिजापूर, बडनेरा आणि अमरावती येथील ध्वनिक्षेपकांवरून दिवसभर ज्या सूचना दिल्या जातात त्यांतच याही चार वाक्यांना जागा मिळावी. आणि 141 खाली दाखल झालेल्या प्रकरणांची नोंद ठेवताना कारणाचा रकाना प्रामाणिकपणे भरला जावा, म्हणजे घरापाशी उतरण्यासाठी किती जणांनी साखळी ओढली आणि थांबा अपुरा पडल्याने किती जणांनी, हे आपल्या खात्यालाच प्रथम कळेल. दुसऱ्या प्रकारची संख्या मोठी निघाली तर त्या स्थानकावरील थांब्याची मिनिटे वाढविण्याचा प्रस्ताव आपल्याच कागदांवरून सिद्ध होईल.

माघ महिन्यात महाराजांच्या प्रकट दिनासाठी शेगावकडे जाणाऱ्या गाड्यांना जी गर्दी होते ती आपण जाणताच. त्या गर्दीपूर्वी निदान अमरावतीहून सुटणाऱ्या गाड्यांच्या सर्वसाधारण डब्यांत तरी ही पाटी लागावी, एवढी विनंती आहे.

आपला विश्वासू,
अमरावतीचा एक प्रवासी